आर्णीचं बिनबोर्डाचं सेल्फ-डायनॅमो दुकान: जुनी गाडी कधी घेते, कधी घेत नाही अशांसाठी

ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी आहे आणि ती सकाळी एका चावीत चालू होते पण दुपारी बँकेसमोर नुसती टक् करून बसते, त्यांच्यासाठी लिहितोय. नवी गाडीवाल्यांनी सोडून दिलं तरी चालेल. रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक कापला तो का ते पुढे येईलच, आणि तो कापायलाच पाहिजे होता.

दुकानाला बोर्ड नाही. पत्र्याचं शेड, समोर जुन्या बॅटऱ्यांची रांग, एका खिळ्याला दहा-बारा जळकी आर्मेचरं (मोटरीतला फिरणारा भाग) लटकवलेली, तीच ओळख. नागपूर-तुळजापूर हायवेनं यवतमाळकडून आर्णीत आलात की कोणत्याही टपरीवर "सेल्फ-डायनॅमोवाले कुठं बसतात" विचारा, पोरगं हातानं दाखवते. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांनाच नको आहे, "आधीच गर्दी लय हाय" म्हणाले. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात.

आमची गाडी आल्टो, २००७ चं मॉडेल, एमएच २९. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, मारुती ८०० मधे यायचं तेवढंच. २०२२ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत पासिंग करून पुढचे पाच वर्षं घेतले, नेमकी त्याच वर्षी एप्रिलपासून कारची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती, ती भरली, ग्रीन टॅक्स वेगळा, आणि एवढं सगळं केल्यावर कोणी "विकून टाका आता" म्हटलं की आमचे बाबा ताटावरून उठतात. तर गाडी ठेवायचीच आहे हे पक्कं. इंजिन मस्त आहे, अॅव्हरेज देते, पांदणीत पण जाते. फक्त चालू होण्याची गॅरंटी राहिली नव्हती.

आजार असा होता की सकाळी थंडी असो पाऊस असो, पहिल्या चावीला घ्यायची. शेतातून गावात, गावातून आर्णी, काही प्रॉब्लेम नाही. पण आर्णीत पोचून अर्धा तास उभी केली, खत-बियाणं घेतलं, परत येऊन चावी फिरवली की कधी टक् असा एकच आवाज, कधी तोही नाही. डॅशबोर्डचे लाईट सगळे व्यवस्थित, हॉर्न जोरात. मग पाच-सात वेळा चावी फिरवा, एखाद्या वेळी घेते, नाहीतर बोनेट उघडून वीस मिनिटं उभं राहा, मग अशी चालू होते जशी काही झालंच नव्हतं. आणि सगळ्यात वैताग म्हणजे गॅरेजमधे नेली की कधीच नाटक करायची नाही, तिथं एका चावीत.

आधी जिल्ह्याच्या ठिकाणी एका गॅरेजमधे नेली होती, नाव घेत नाही, घेऊन काही फायदा पण नाही कारण असेच गॅरेज सगळीकडे आहेत. तिथं पहिले म्हणाले बॅटरी. नवी ३५ एएचची बॅटरी टाकली. आठवडाभर बरी चालली, परत तेच. मग म्हणाले सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर. सेल्फ काढला, कार्बन-बुश बदलले, सोलेनॉईड (चावी मारली की सेल्फला करंट जोडणारा भाग) नवं, बिल फाडलं. परत तेच. तिसऱ्या वेळी म्हणाले "इसीएम असू शकतं, जुनं भेटलं तर टाकून पाहू." इसीएम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. हे "टाकून पाहू" ऐकलं आणि मी गाडी तिथून काढली. टाकून पाहायचे पैसे आपले, पाहणारे ते.

मिस्त्रींकडे पहिल्या दिवशी गेलो तर माणसानं बोनेटला हात नाही लावला. टेम्पोच्या सीटवर बसून होते (जुन्या टेम्पोची सीट काढून बाकडं बनवलंय), तिथूनच विचारलं, "घेत नाही म्हंजे काय होते थे सांगा. सेल्फ फिरतच नाही, का हळू फिरते, का मस्त फिरते पण इंजिन पकडत नाही? हे तीन आजार येगळे हायेत."

हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं हो. आणि खरंच तीन वेगळे आजार आहेत, त्यांनीच समजावलं ते इथं लिहून ठेवतो, कोणाच्या कामी पडलं तर पडलं. सेल्फ मस्त गरगर फिरतो पण गाडी पकडत नाही, तर बॅटरी-सेल्फचा काही संबंध नाही, पेट्रोल पोचत नाही नाहीतर ठिणगी पडत नाही, तिथं पंप, पंपाचा रिले (करंट चालू-बंद करणारी डबी), क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा), ठिणगीची कॉइल हे पाहायचं. सेल्फ रडत रडत फिरतो तर बॅटरी, टर्मिनल, जाड केबल, अर्थिंग (बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीला जोडणारी वायर), नाहीतर सेल्फच आतून घासतोय. आणि सेल्फ फिरतच नाही, टक् होते नाहीतर तेही नाही, तर चावीपासून सोलेनॉईडपर्यंतची बारीक वायर, स्विच, रिले किंवा सोलेनॉईड स्वतः. आमचा तिसरा. बॅटरी बदलणाऱ्यानं एवढं विचारलं असतं तरी बॅटरीचे पैसे वाचले असते.

मग विचारलं कधी होते, गरम असताना का थंड, पाऊस-चिखलातून आल्यावर का कधीही, लाईट मंद होतात का. आमच्या बाबांनी मधेच "उन्हात जास्त करते" म्हटलं तर त्यांनी मान डोलवली आणि बाबांकडेच वळून पुढचे प्रश्न विचारले, माझ्याकडे पाहिलंच नाही. बाबा खूश. गाडी बाबाच जास्त चालवतात हे त्यांनी बरोबर ओळखलं.

त्यानंतर एक साधी टेस्ट दाखवली, ही घरी कोणीही करू शकते. हेडलाईट लावा, कोणाला तरी समोर उभं करा, आणि चावी फिरवा. लाईट एकदम विझायला आले तर बॅटरी बसलीय नाहीतर टर्मिनल सैल आहे, करंट मागितला की जीव जातो. लाईट तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ चूप, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही, चावी-स्विच-वायर पाहा. लाईट थोडे दबले, टक् झालं आणि फिरलं नाही, तर सोलेनॉईड नाहीतर सेल्फ. त्या दिवशी आमची अर्थातच एका चावीत चालू झाली. मिस्त्री हसले, "गॅरेजात येऊन साऱ्याच गाड्या शहाण्या होतेत."

तरी सोडलं नाही. व्होल्ट मोजायचा मीटर काढला, जुना, काच तडकलेली, टेपनं बांधलेला. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. गाडी चालू असताना १४.१, म्हणजे डायनॅमो (अल्टरनेटरच, पण आपल्याकडे सगळे डायनॅमोच म्हणतात) चार्जिंग बरोबर देतोय, तिथं १३.८ ते १४.४ च्या आसपास पाहिजे. सेल्फ मारताना १०.४. साडेनऊच्या खाली गेलं असतं तर बॅटरीवर संशय, इथं नाही. म्हणजे जुनी बॅटरी काढली ती पण कदाचित चांगलीच होती, पण ते आता कोणाला सांगता.

आता जे केलं ते मी पहिल्यांदा पाहिलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी थेट इंजिनच्या अंगावर, ब्लॉकच्या एका स्वच्छ बोल्टवर, आणि पोराला म्हणाले सेल्फ मार. खरं तर दोन्हीकडे मायनसच, तिथं जवळजवळ शून्य दिसायला पाहिजे, जास्तीत जास्त ०.२. आमचं दिसलं ०.७. म्हणजे इंजिन आणि बॅटरीच्या मधल्या अर्थिंगमधेच पाऊण व्होल्ट खाल्ला जातोय. मिस्त्री गाडीखाली गेले आणि गिअरबॉक्सजवळची अर्थिंगची पट्टी बाहेर काढली. बाहेरून पाहाल तर आहे तिथंच, बोल्ट टाईट. पण पट्टीवर काळ्या मातीचा असा थर बसलेला की खरवडावा लागला, आपली माती, पावसात चिकटते आणि उन्हात दगड होते, आणि त्या थराखाली पट्टीच्या तारा हिरव्या पडून अर्ध्या तुटलेल्या. लगच्या (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) टोकाला बोटानं दाबलं तर तारांचा भुसा झाला. नवी पट्टी टाकली, बॉडीवरची जागा सँडपेपरनं पांढरी चमकेपर्यंत घासली, बोल्ट कसला, वरून ग्रीस लावलं. परत मीटर, ०.१.

मी म्हटलं झालं तर मग. तर म्हणाले, "हे सापडलं म्हून काढलं. पण तुमचा आजार हाच हाय असं म्या म्हणत नाही. अर्थिंग खराब असलं का सेल्फ हळू फिरते, तुमचा फिरतच नाही. अजून काही हाय, पण गाडी दाखवून नाही रायली."

आणि इथं मला हा माणूस पटला. दुसरा असता तर अर्थिंगचे पैसे घेऊन "आता टेन्शन नाही" म्हणून पाठवलं असतं.

त्यांनी काय केलं पाहा. सोलेनॉईडवर चावीकडून जी बारीक वायर येते, तिच्या पिनला एक लांब वायर जोडली, फायरवॉलच्या रबरातून आत घेतली आणि टोकाला इंडिकेटरमधला छोटा बल्ब लावून डॅशबोर्डवर टेपनं चिकटवला. म्हणाले, "आता घेऊन जा. चावी मारली का हा बल्ब पेटला पाहजे. ज्या टायमाले गाडी घेणार नाही त्या टायमाले फक्त एवढंच पाहजा: बल्ब पेटला का, लख्ख पेटला का मंद, आन् डॅशबोर्डचे बाकी लाईट कसे हायेत. मंग मले फोन करजा." बल्ब लख्ख पेटून सेल्फ चूप राहिला तर करंट दारापर्यंत पोचलाय, दोष सेल्फ-सोलेनॉईडचा. पेटलाच नाही तर वायर कुठंतरी तुटतेय. त्या दिवशी फक्त अर्थिंगच्या पट्टीचे आणि मजुरीचे घेतले, बल्बचे काहीच नाही.

बाबांना तो बल्ब एवढा आवडला की गावात जो भेटेल त्याला बसवून दाखवायचे. असो.

गाडी चांगली चालली, मला वाटू लागलं अर्थिंगच होतं. मग एक दिवस जिनिंगवर कापूस घेऊन टेम्पो गेला होता, मी मागं गाडी घेऊन, ऑक्टोबरचं ऊन, गाड्यांची रांग, दोन-तीनदा बंद-चालू करत पुढं सरकायचं. आणि बंद पडली. म्हणजे चावी फिरवली, टक् पण नाही. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हॉर्न. पण या वेळी मी त्या बल्बकडे पाहत होतो आणि बल्ब पेटला होता, पण कसा, लालसर, नुसती तार दिसत होती. बाकी डॅशबोर्ड एकदम लख्ख. परत चावी, परत तसाच लाल. तिसऱ्यांदा भक्कन पांढरा पेटला आणि त्याच क्षणी सेल्फ फिरला. मी तिथंच रांगेत बसून खुश झालो, मागचा शिव्या देतोय.

मिस्त्रींना फोन केला, उचलला नाही (हे पुढे). संध्याकाळी गाडी घेऊनच गेलो, इंजिन गरमच होतं. सांगितलं मंद पेटला, बाकी लाईट चांगले. ते फक्त "हां" म्हणाले आणि सरळ स्टिअरिंगखालचं कव्हर खोललं. आता मीटर त्याच बल्बच्या वायरला लावला, म्हणजे ती वायर दोन्ही कामाची निघाली. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर साडेदहा आणि सोलेनॉईडच्या पिनवर आठ. अडीच व्होल्ट मधेच गायब. पहिल्या दिवशी सकाळी थंड गाडीवर हेच मोजलं होतं तेव्हा फरक पाऊण-एक व्होल्टच आला होता, म्हणून तेव्हा ठाम बोलले नव्हते.

इग्निशन स्विचचा मागचा भाग काढला आणि उघडून दाखवला. आतली पितळेची पट्टी जिथं टेकते तिथं काळा खड्डा, प्लास्टिक किंचित वितळलेलं. अठरा वर्षं सोलेनॉईडचा सगळा करंट त्या छोट्याशा टेकणीवरून जातोय, दरवेळी ठिणगी पडते, घासते, जळते. थंड असताना कशीबशी कामचलाऊ टेकते. आणि गरमीत दुहेरी मार, सोलेनॉईडची कॉइल तांब्याची, गरम झाली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, खेचायला जास्त व्होल्ट पाहिजे आणि इकडून येतायत कमी, म्हणून नेमकी उन्हात, नेमकी थोडं थांबून परत चालू करताना. इंजिन बंद केल्यावर काही वेळ बोनेटखालची गरमी उलट वाढते, पंखा नाही हवा नाही, म्हणून अर्ध्या तासाचा स्टॉप सगळ्यात वाईट आणि वीस मिनिटं बोनेट उघडून ठेवलं की परत सरळ. सगळं जुळलं बघा. नवं सोलेनॉईड टाकलं होतं तरी काही फरक पडला नाही तो काहून, तेही कळलं.

उपाय दोन सांगितले. स्विच बदलायचा, किंवा रिले टाकायचा. ते स्वतः म्हणाले दोन्ही करा, कारण लोकल स्विच टाकला तर तो पण असाच जळेल आणि ओरिजिनल टाकला तरी ओझं तेच. रिले म्हणजे चार पिनची ती काळी डबी, ३० नंबरवर बॅटरीतून जाड वायर फ्यूजमधून, ८७ वरून सोलेनॉईडला, ८६ वर चावीची जुनी वायर, ८५ अर्थ. आता चावीवरून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो, अर्धा अँपिअर पण नाही, आणि सोलेनॉईडला बॅटरीचा थेट. परत मोजलं, बॅटरीवर साडेदहा, पिनवर दहा पूर्णांक काहीतरी. सेल्फचा आवाजच बदलला, असा कडक फिरतो की बाबा म्हणाले शोरूममधून आणली तेव्हा असा होता.

काम करतानाच्या दोन गोष्टी मला आवडल्या. गाडीखाली जाताना दरवेळी स्वतः गिअर न्यूट्रल पाहिला, हँडब्रेक ओढला आणि चाकामागं दगड लावला, दरवेळी, मी "न्यूट्रलच आहे" म्हटलं तरी. कारण सोलेनॉईडला स्क्रू-ड्रायव्हरनं डायरेक्ट करतात तेव्हा गाडी गिअरमधे असेल तर ती सरळ अंगावर येते. आणि वायर जोडली ती पिळून टेप मारून नाही, लग दाबून, वरून स्लीव्ह. आपल्याकडे हे कोण करते.

एकूण बिल: स्विच अकराशे, रिले-सॉकेट-फ्यूज-वायर मिळून चारशे, मजुरी पाचशे. अर्थिंगच्या वेळी साडेतीनशे झाले होते. जिल्ह्याच्या गॅरेजला मी याच्या चारपट घातले होते आणि गाडी तशीच होती. जुना जळका स्विच पिशवीत घालून हातात दिला, न मागता.

बसल्या बसल्या बाकीच्यांच्या गाड्या पण पाहिल्या, कारण तिथं वाट पाहावीच लागते. एका सरांची जुनी पेट्रोल गाडी, सेल्फ मस्त, पण गरम झाली की पकडत नाही. मिस्त्रींनी चावी ऑन करून सगळ्यांना चूप केलं आणि मागच्या सीटजवळ कान लावला, पंपाचा गूं आवाज दोन सेकंद येतो का म्हणून. आला. म्हणजे पंप जिवंत. मग फडकं थंड पाण्यात बुडवून सेन्सरवर धरलं, थोड्या वेळानं चावी मारली आणि घेतली. म्हणाले क्रँक सेन्सर गरमीत मरतो, पण माझ्याकडे स्कॅनर नाही, यवतमाळला स्कॅन करून पक्कं करा मगच टाका. त्यांचे पैसे घेतले नाहीत. एका बोलेरोवाल्याची वायरिंग उंदरांनी खाल्ली होती, घराशेजारी सोयाबीनची पोती आणि तिथंच गाडी, दुसरं काय होणार. आणि एक जण बॅटरीचं टर्मिनल चालू गाडीत काढून डायनॅमो चेक करायला निघाला, गावाकडे सगळे हेच करतात, त्याच्यावर असे खेकसले की मी पण दचकलो. इंजेक्शनच्या गाडीत तसं केलं की व्होल्टेज उसळतो आणि इसीएम खरंच जळू शकतं. मीटर ठेवा, दोन-तीनशेत येतो, चालू गाडीत लावा, संपलं.

आता एक स्टार का कापला. पहिलं, फोन. दुपारी एक ते चार फोन लागतो पण उचलत नाहीत, आणि जे काम म्हणतात "सांज करून ठेवतो" ते दुसऱ्या दिवशी सकाळीच होते, माणूस धरून चाला. बल्बवाली युक्ती देऊन "फोन करजा" म्हणणाऱ्यानं फोन तरी उचलावा ना. दुसरं, पावती नाही. कागदाच्या तुकड्यावर आकडे लिहून देतात, यूपीआय चालते पण बिल पाहिजे तर मिळत नाही, आणि जी वस्तू बदलली तिची वॉरंटी म्हणजे त्यांचा शब्द. तो शब्द आतापर्यंत चांगला निघालाय, पण नवीन माणसाला काय माहीत. तिसरं, बसायला सावली कमी, बायामाणसं सोबत असतील तर त्यांना बाजारात सोडून या. खर्रा खाऊन पिचकाऱ्या मारणारी मंडळी सतत असते तिथं, मिस्त्री स्वतः नाही खात पण कोणाला म्हणत पण नाहीत.

आणि स्कॅनर नसल्यामुळे सेन्सरचं, चेक इंजिनच्या लाईटचं, चिप असलेल्या चावीचं काम त्यांच्याकडे नेऊ नका, ते स्वतःच परत पाठवतात. एसीचं पण करत नाहीत. सेल्फ, डायनॅमो, वायरिंग, अर्थिंग, बॅटरी तपासणी, ट्रॅक्टरपासून छोटा हत्तीपर्यंत काहीही, यात मात्र हात धरणारा मी या पट्ट्यात पाहिला नाही.

जायचं असेल तर सकाळी नवाच्या आत पोचा, कापसाच्या सीझनमधे अजून लवकर, कारण दहानंतर ट्रॅक्टर-टेम्पोवाल्यांचा नंबर आधी लागतो आणि ते बरोबरच आहे, त्यांचा दिवस बुडतो. पण तुमचा प्रॉब्लेम गरम गाडीचा असेल तर उलट करा, दुपारी चारला, दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम गाडी न्या आणि त्यांना आधीच सांगा. आणि जाण्याआधी टर्मिनलवरची पांढरी पावडर गरम पाण्यानं धुवून, सगळं घासूनपुसून चकाचक करून नेऊ नका. आमच्या मागच्या नंबरच्या माणसानं तेच केलं होतं तर मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाले, "आता म्या पाहू काय?"